ओझ्याच्या वाटांवर रिकाम्या हाताने

बीचवर सुट्टीला गेलेल्या मराठी माणसाने नक्की करायचं काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ऊन खात पडून राहणं म्हणजे आपल्या लेखी शिक्षा. पाय बुडवून झाले, फोटो काढून झाले, भजी नाहीत म्हणून बटाट्याचे तळलेले तुकडे खाऊन झाले, की मग पुढे? माझी आई तर गुहागरकडची, तिला खुर्ची-छत्रीचे पैसे भरून समुद्राकडे बघत बसायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. ती माझ्याकडे जर्मनीला आली तेव्हा आम्ही दोघी इटलीच्या अमाल्फी कोस्टला गेलो, ते मुळात बीचच्या मागे जो डोंगर सरळ अंगावर येतो त्याच्यावरच्या वाटा चालायला. आईला मी "थोडं चालायचंय" एवढंच सांगितलं होतं. थोडं म्हणजे किती, हे तिनेही विचारलं नाही, उत्तर खोटंच येणार हे तिला माहीत असावं.

नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं एक डोंगराळ टोक आहे, त्याच्या दक्षिण अंगाला ही किनारपट्टी. पोझितानो, प्रायानो, अमाल्फी, अत्रानी, मिनोरी, मायोरी अशी गावं एकेका घळीच्या तोंडाशी चिकटून बसलीयेत, आणि वर लात्तारी डोंगररांग, तिचं सगळ्यात उंच शिखर १,४४४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडंसंच कमी, आणि ते समुद्रापासून काही किलोमीटरवर. सपाट जागा म्हणून नाहीच. इन्स्टावर जे दिसतं ते सगळं खालच्या अंगाचं, रंगीत घरं, छत्र्या, बोटी. वरच्या अंगाला काय आहे ते बघायला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पायऱ्या म्हणजे गंमत नाही, इथे गावाचा शेजारच्या गावाशी संबंधच पायऱ्यांनी होता. किनाऱ्यालगतचा गाडीरस्ता १९व्या शतकाच्या मध्याला कुठे पूर्ण झाला. त्याआधी यायचं-जायचं तर होडीने, नाहीतर या डोंगरातल्या वाटांनी, खेचर घेऊन किंवा स्वतःच खेचर होऊन.

आम्ही मुक्काम केला मायोरीत. पोझितानोच्या मानाने हे गाव दिसायला साधं, समोर ओळीने सरळसोट बिल्डिंगा, त्यामुळे हॉटेलंही जरा परवडतात. हे साधेपण काही हौसेने आलेलं नाही. १९५४च्या ऑक्टोबरमध्ये सालेर्नो आणि या किनाऱ्याच्या पूर्व भागात एका रात्रीत ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, डोंगर खाली आले, तीनशेहून जास्त माणसं गेली, मायोरीच्या समोरच्या भागाची वाताहत झाली आणि मग जे बांधलं गेलं ते त्या काळाच्या सिमेंटमध्ये. इथला बीच या किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब, साधारण एक किलोमीटर. लोक त्यावर पालथे पडलेले असतात आणि बरोबर त्यांच्या पाठीमागे, चर्चच्या बाजूने, एक वाट वर जाते. तिला म्हणतात लिंबांची वाट.

ही वाट मायोरीहून वर चढते, तोर्रे नावाच्या छोट्या वाडीतून जाते आणि पलीकडे मिनोरीत उतरते. रमतगमत तासभर. आता गंमत अशी की खालच्या रस्त्याने या दोन गावांत जेमतेम दीड किलोमीटर अंतर आहे. आईने नकाशा बघून लगेच विचारलं, "मग एवढं चढून उतरायचं कशाला?" यावर हायकिंगवाल्या कुठल्याही माणसाकडे धड उत्तर नसतं. मी म्हटलं, "व्ह्यू." ती म्हणाली, "बरं, चल."

सुरुवातीला नुसत्या पायऱ्याच. लोकांच्या दारांवरून, खिडक्यांखालून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, एका घरातून कांदा परतल्याचा वास, दुसऱ्या घरात टीव्ही. आपण कुणाच्यातरी अंगणात घुसलोय असं सतत वाटत राहतं, पण नाही, हाच सार्वजनिक रस्ता आहे, घरं त्याच्यावर आलीयेत. मध्येमध्ये सिरॅमिकच्या रंगीत पाट्या. आणि मग घरं संपतात आणि मांडव सुरू होतात.

इथल्या लिंबाला स्फुझातो म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळतं, हाताच्या पंजाएवढं, फिकट पिवळं, जाड सालीचं, बिया फारशा नाहीत. २००१पासून त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला जसा टॅग आहे तसाच. हे झाड मोकळं वाढू देत नाहीत. चेस्टनटच्या सोटांचा मांडव घालतात, फांद्या त्याच्यावर पसरवून बांधतात, आणि हिवाळ्यात गारा नि वारा लागू नये म्हणून वरून काळी जाळी ओढतात, पूर्वी जाळीच्या जागी फांद्या-पाचोळ्याचं छप्पर असायचं. ते चेस्टनटचे सोट येतात वरच्या जंगलातून. म्हणजे खाली लिंबं, त्यांच्या वर चेस्टनट, त्याच्याही वर बकऱ्या आणि कुरणं, असा अख्खा डोंगर मजल्यामजल्याने कामाला लावलेला. लिंबं काढायला आणि फांद्या बांधायला शेतकरी या मांडवाच्या आडव्या सोटांवर उभं राहून चालतात, खाली पुढचा मजला, म्हणजे उतार कापून केलेली बागेची पुढची पट्टी, त्याखाली त्याच्या पुढचा, त्याखाली समुद्र. त्यांना तिकडे उडते शेतकरी म्हणतात. आम्ही एकाला लांबून बघितलं, खांद्यावर दोरीचा गुंडाळा, एका सोटावरून दुसऱ्यावर असा गेला की आईने डोळे मिटून घेतले.

एप्रिलअखेर होती, फळं लटकलेली आणि त्याच झाडावर फुलंही. वास असा की मान आपोआप वर होते. पण आईचं लक्ष लिंबांकडे नव्हतंच, ती भिंतींकडे बघत होती. या मजल्यांना धरून ठेवणारी जी दगडी भिंत असते ना, ती कोरडी, म्हणजे चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड बसवलेला. "हे गडगे आहेत," आई म्हणाली, आणि हात लावून बघितला, दगड हलतो का. हलला नाही. मग तिने मला समजावलं, आणि नंतर वाचलं तर अगदी तेच कारण निघालं, की भिंत कोरडी ठेवायची म्हणजे मागच्या मातीतलं पाणी फटींतून झिरपून जातं. सिमेंट भरून फटी बुजवल्या तर पाणी मागे साठतं आणि भिंतीला पोट सुटतं आणि एक दिवस सगळंच खाली. आमच्या इंजिनीअरिंगच्या कॉलेजात रिटेनिंग वॉलवर एक अख्खं प्रकरण होतं, त्यातलं मला फक्त फॉर्म्युला आठवतोय. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली, इटली, क्रोएशिया, ग्रीस वगैरे देशांनी मिळून अर्ज केला होता. आईला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, "गडगा घालणाऱ्याला त्याचे काही मिळाले का?"

आणि पायऱ्या. काही ठिकाणी पायरी रुंद नि बुटकी, काही ठिकाणी अरुंद नि गुडघाभर. मला आधी वाटलं कसंही बांधलंय, पण जिथे खेचर जायचं तिथली पायरी रुंद आहे आणि जिथे नुसतं माणूस जायचं तिथे जागा वाचवलीये. बाईमाणूस म्हणायला हवं खरं तर. कारण ही लिंबं बागेतून खाली किनाऱ्यापर्यंत पोचवायचं काम मुख्यतः बायकांचं होतं. फोर्मिकेल्ले म्हणायचे त्यांना, मुंग्या. पन्नास-पंचावन्न किलोची टोपली, मानेमागे खांद्यांवर घडी घातलेलं पोतं, आणि या पायऱ्यांवरून खाली, मग रिकाम्या वर, पुन्हा खाली, दिवसभर. खाली लिंबं निवडून पेट्यांत भरायची, पेट्या जहाजावर चढायच्या आणि दूरदेशी जायच्या. जुन्या फोटोंत दिसतात त्या, ओळीने, वाकलेल्या, तोंडं दिसत नाहीत, टोपल्या दिसतात.

आईने तो फोटो माझ्या फोनवर जरा जास्तच वेळ झूम करून बघितला. मग म्हणाली, "डोक्यावर घ्यायला पाहिजे. खांद्यावर घेतलं की कंबर जाते." लहानपणी तिने कवळाचे भारे आणलेत डोक्यावरून, चुंबळ करून, घरापर्यंत येणाऱ्या पाखाडीवरून, आणि ती पाखाडी मीही बघितलीये, जांभ्याची, पावसात शेवाळलेली. तिला हायकिंग हा शब्द माहीत व्हायच्या आधी तिने आयुष्यातलं बहुतेक सगळं हायकिंग करून टाकलेलं आहे. वर एका बाकावर मी धापा टाकत बसले होते, तिला म्हटलं, "आई, थांबूया का जरा?" तर म्हणते, "मला काय झालंय? ओझं कुठाय हातात?"

तिथून पुढे माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आपण ज्याला ट्रेल म्हणतो, म्हणजे खांबावर पाटी, दगडावर लाल-पांढरा पट्टा, मोबाईलवर नकाशा, त्यात नवीन काय आहे? वाट जुनीच, चढ जुनाच, व्ह्यूसुद्धा तोच. फक्त ओझं काढून घेतलंय. ओझं असताना ती मजुरी होती, ओझं गेल्यावर ती सुट्टी झाली. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, कुणाच्याही खांद्यावरून पन्नास किलो उतरले तर चांगलंच आहे. पण बाजूने जाणारे लोक जेव्हा "किती अनटच्ड आहे ना सगळं" म्हणतात (इंग्रजीत म्हणत होते, एक जोडपं, दोघांकडे दोन-दोन काठ्या) तेव्हा मला हसू आवरत नाही. अहो, या डोंगराला हात लावला नाही असा एक फूट तुकडा दाखवा. मातीसुद्धा काही ठिकाणी टोपल्यांनी वाहून आणून भरलीये.

मिनोरीच्या बाजूला उतार लागतो, समुद्र एकदम समोर येतो, मग व्ह्यू. व्ह्यू चांगलाच आहे, त्याबद्दल काय लिहायचं, फोटो आहेत सगळीकडे.

दुसरी वाट प्रसिद्ध. देवांची वाट. नावातच मार्केटिंग आहे असं माझं मत झालं, पण जागा मात्र नावाला जागते हेही कबूल. अमाल्फीहून बस पकडून वर आजेरोला भागातल्या बोमेरानोला जायचं, ते समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. बसचं तिकीट आधी बारमधून नाहीतर तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा, आणि बसमध्ये डोंगराच्या बाजूला बसा, दरीच्या बाजूला बसलात तर वळणावर ड्रायव्हर हॉर्न मारतो तेव्हा तुमच्या खाली रस्ता दिसत नाही, पाणीच दिसतं. बोमेरानोपासून पश्चिमेकडे नोचेल्लेपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटर, बराचसा उतार, डावीकडे सतत समुद्र, उजवीकडे चुनखडीचे कडे, पुढे काप्री बेट आणि मध्ये ली गाल्ली नावाची तीन छोटी बेटं, जिथे म्हणे गाणाऱ्या मायाविनी राहायच्या आणि नंतर रुडॉल्फ नुरेयेव्ह हा बॅले डान्सर राहायचा. पूर्वेकडून पश्चिमेकडेच जा, उलटं केलंत तर बराचसा चढ आणि व्ह्यू पाठीमागे.

गर्दी भरपूर. अरुंद जागी समोरून ग्रुप आला की कड्याला चिकटून उभं राहायचं, बोनजोर्नो, बोनजोर्नो, बोनजोर्नो, असं वीस वेळा. सँडल घालून आलेले, स्पीकर लावलेले, सगळे प्रकार, सिंहगडावर रविवारी येतात तेच. पण मला या वाटेवर वेगळंच काही दिसलं, बहुधा लिंबांची वाट आधी केली होती म्हणून. इथले मजले ओसाड आहेत. भिंती आहेत, पण मध्येच फुटलेल्या, त्यांवर झुडपं, रोझमेरी माजलेली. कड्याच्या पोटात बांधलेली दगडी घरं, छप्पर गेलेलं. कधीतरी इथे द्राक्षवेल होते, धान्य होतं, बकऱ्या होत्या. हायकर थांबून फोटो काढतात, पडकं घर फोटोत छान येतं. आई एका फुटलेल्या भिंतीपाशी थांबून म्हणाली, "हे पुढच्या पावसात जाणार."

आणि ती बरोबर आहे, हे इथल्या मातीचं गणितच आहे. डोंगराचा सांगाडा चुनखडीचा, पण वरची माती ज्वालामुखीची. व्हेसुव्हियस पलीकडच्याच बाजूला आहे, त्याची राख आणि हलके दगड हजारो वर्षं या उतारांवर पडत आलेत. पोझितानोच्या मुख्य चर्चखाली एक रोमन व्हिला सापडलाय, इसवी सन ७९च्या त्याच उद्रेकात गाडला गेलेला ज्यात पाँपेई गेलं. ही राखेची माती पिकाला उत्तम, पण गुळगुळीत चुनखडीवर ती नुसती ठेवल्यासारखी बसलेली असते, फार पाणी प्यायली की घसरते. १९५४ला तेच झालं. २०१०च्या सप्टेंबरमध्ये अत्रानीत तासाभराच्या पावसाने गावाखालून वळवलेला ओढा वर उसळून मुख्य रस्त्यावरून समुद्रात गेला, एक तरुण मुलगी वाहून गेली. हे मजले, या भिंती, या पाण्याच्या वाटा म्हणजे डोंगराला बांधून ठेवणारे दोर आहेत, आणि ते दर हिवाळ्यानंतर कुणीतरी हाताने पुन्हा आवळावे लागतात. ज्याची बाग आहे तो आवळतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. बाग सोडली की कोण आवळणार? हायकर नाही आवळणार. आम्ही दोन युरोचं पाणी विकत घेऊन पुढे जातो.

१९९७ला हा सगळा किनारा जागतिक वारसा झाला, त्याच्या कारणांत या मजल्यांच्या बागाही आहेत. पण बागेत मशिन जात नाही, खेचर अजूनही जातं, घराच्या दुरुस्तीची वाळूसुद्धा खेचराच्या पाठीवरून वर चढताना आम्ही बघितली. सपाट जमिनीवर ट्रॅक्टरने वाढवलेल्या लिंबाशी या लिंबाने किमतीत काय टक्कर द्यायची? हॉटेलात काम केलं तर गुडघे शाबूत राहतात. मला कुणी विचारलं नाहीये, पण माझं स्पष्ट मत आहे की या वाटा राखायच्या असतील तर नवीन पाट्या आणि रेलिंग लावण्याआधी लिंबवाल्याला आणि भिंतवाल्याला पैसे द्या. टूरिस्ट टॅक्स हॉटेलात रात्रीगणिक घेतातच ना, त्यातला एक हिस्सा थेट दगडांवर लागू दे. वाट ही बागेची बायप्रॉडक्ट आहे, बाग गेली की वाटही जाणार, आणि मग बीचवरच्या खुर्च्याही काही सुरक्षित नाहीत.

नोचेल्ले हे पोझितानोच्या डोक्यावरचं गाव, अगदी अलीकडेपर्यंत तिथे गाडीरस्ता नव्हता. तिथे लिंबाचं बर्फाळ सरबत मिळतं, ते प्या, कारण त्यानंतर खालच्या रस्त्यापर्यंत साधारण १,७०० पायऱ्या आहेत. उतरायच्या आहेत, म्हणून लोक हसत सुरू करतात. अर्ध्यात हसू संपतं. आई आडवी उतरत होती, एकेक पाऊल तिरकं टाकत, तशी उतरली की गुडघ्यावर भार येत नाही म्हणे, मी सरळ उतरले आणि पुढचे काही दिवस बसमध्ये चढतानाही दांडा धरावा लागला.

उकडत असेल तर तिसरी एक वाट आहे, अमाल्फी गावाच्या मागे घळीत जाणारी, फेर्रिएरे खोरं. तिथे जुन्या कागदगिरण्यांचे अवशेष, भिंतींतून उगवलेली झाडं, वर लोखंड वितळवायच्या कारखान्याचे अवशेष, धबधबे, सावली, आणि एक मोठं नेचं, वुडवर्डिया, जे हिमयुगाच्याही आधीपासून टिकून राहिलंय, त्यासाठी १९७२पासून राखीव क्षेत्र आहे. मला तिन्हींत ही जास्त आवडली, कारण पाण्याचा आवाज आणि माणसं कमी. आईला नाही आवडली, तिला अशी ओली गर्द जागा बघायला परदेशी यायची गरज वाटली नाही.

अजून एक सांगायचं राहिलं, ऑगस्टमध्ये जाऊ नका. खालचा रस्ता इतका तुंबतो की २०२२पासून सीझनमध्ये बाहेरच्या गाड्यांना सम-विषम नंबरप्रमाणे सोडतात. तेव्हा मायोरीहून मिनोरीला जायला बसपेक्षा वरची वाट लवकर पोचवत असेल, म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांत फिरून तिथेच.

तर मिनोरी. लिंबांच्या वाटेवरून उतरल्यावर गावात शिरायच्या जरा आधी एका दारात टेबल, टेबलावर लिंबं, बाजूला पैसे टाकायला डबा आणि एक म्हातारे आजोबा खुर्चीत. त्यांनी खुणेनेच थांबवलं, एक लिंबू घेतलं, सालीसकट जाड चकत्या केल्या, मीठ भुरभुरवलं आणि पुढे केल्या. आतला पांढरा भाग आपण काढून टाकतो, कडू म्हणून, तोच ते खायला सांगत होते. आईने संशयाने चावा घेतला. कडू नाही, काकडीसारखं लागतं, जरासं गोडसर. मग ती त्यांच्याशी बोलायला लागली, मराठीत, ते इटालियनमध्ये, दोघंही हातवारे करून, मांडवाची उंची, जाळी, खेचर, गुडघे असे सगळे विषय झाले, माझी काही गरज लागली नाही. डब्यात किती टाकायचे यावर तिने मला ढोसलं की अजून टाक.

संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशीला समुद्र दाखवायचा होता मला, आईने फोन काढून घेतला आणि कॅमेरा लिंबावर धरला. "साल बघ केवढी जाड. लोणचं होईल, पण मुरायला दोन महिने लागतील. आणि तिखट आपलंच पाहिजे, इथलं चालायचं नाही."